नानाभावजींची जीभ

लग्न होऊन आले त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या दिरांनी माझं केसांचं तेल चाखून बघितलं. आईने माका घालून कढवून दिलेली बाटली मी फडताळात ठेवत होते. नानाभावजींनी ती हातातून घेतली, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, खोबरं खवट होतं."

मी सोळा वर्षांची, ते विशीतले. रागाने मी त्यांचं ताट वाढलं नाही, ते सासूबाईंनी वाढलं. वाढता वाढता म्हणाल्या, "अगो, तुझं तेल परवडलं. मागच्या महिन्यात त्याने म्हशीची पेंड चाखली."

हे खूळ कुठून आलं, तेही त्यांनीच सांगितलं. आठ वर्षांचे असताना नाना वडिलांबरोबर अलिबागेला गेले होते. तिथे एका बंगल्याच्या बागेत लालभडक फळं लागलेली. "हात लावू नकोस. विलायती वांगं ते, विषारी असतं," माळी म्हणाला. टोमॅटो तेव्हा आमच्याकडे कुणी खात नसे. रक्तासारखा रंग म्हणून घरातही आणत नसत. माळ्याची पाठ वळताच नानांनी एक खाल्लं. मग एकच कल्लोळ. मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं, बैलगाडीत निजवून खाडीकाठच्या आमच्या गावी आणलं, देवाला नारळ बोलून झाला. पोरगं संध्याकाळी भूक लागली म्हणून उठून बसलं. आईला म्हणालं, "आंबट होतं. मागून जरा गोड. सगळे खोटं सांगत होते."

"निदान पोटात तरी दुखायला हवं होतं," सासूबाई म्हणत. "काही झालं नाही, हीच पंचाईत झाली. तेव्हापासून त्याचा माणसांवर विश्वास नाही. जिभेवर आहे."

विहिरीचं पाणी, झाडाचा डिंक, वैद्याची पुडी, काही सुटत नसे. कोणी अडवलं तर ठरलेलं उत्तर, "चाखल्याशिवाय कळायचं कसं?" एकदा रानातला कसलासा कंद कच्चाच चावला. जीभ सुजून तोंडात मावेना. दोन दिवस मी चमच्याने आमसुलाचं पाणी पाजत होते आणि तोंडाने शिव्या घालत होते. तिसऱ्या दिवशी बोलता यायला लागल्यावर पहिलं वाक्य काय? "शिजवला तर चालेल, वहिनी."

लग्न जमवायचं मीच मनावर घेतलं. किहीमकडची मुलगी, घर चांगलं, पत्रिका जुळलेली. बघायला गेलो. मुलीने पाणी आणून दिलं. भावजींनी घोट तोंडात फिरवला आणि तिच्या वडिलांना म्हणाले, "विहीर खारी होत चाललीय तुमची. दोन-तीन वर्षांत पाणी पिण्याजोगं राहायचं नाही." ते गृहस्थ उठून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. परतीच्या वाटेवर मी गाडीत रडले. आमचे हे म्हणतात, "खोटं सांगून मुलगी आणायची का?" विहीर पुढे खरंच खारी झाली म्हणे. त्याचं मला काय! भावजी बिनलग्नाचे राहिले.

मग एका श्रावणात उधाणाने खाडीचा बांध फुटला. समुद्राचं पाणी आमच्या तिन्ही खाचरांत शिरलं आणि उभं भात जळालं. जाणती माणसं म्हणाली, आता तीन वर्षं जमिनीला बी दाखवू नका. पुढच्या वर्षी महिनाभर पाऊस झाल्यावर भावजी रोज शेतात जाऊन माती चाखू लागले. आमचा कूळ बाळाराम माझ्याकडे येऊन सांगे, "वयनी, नाना येडं झालं. माती खाऊन कुनाचं पोट भरलंय?"

एका सकाळी भावजी दोन पानांवर चिखल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "वरच्या दोन खाचरांत बी फेकायचं. दादा नाही म्हणतो. कोठीची चावी तुमच्याकडे आहे."

बियाण्याचं भात तेवढंच उरलं होतं. ते जळालं असतं तर पुढल्या वर्षी फेकायला मूठ नव्हती. मी भडकले. "तुमच्या जिभेच्या भरवशावर मी पोरांच्या तोंडचा घास चिखलात टाकू?"

"माझ्या नको," ते म्हणाले. "तुम्ही चाखा. हे खालच्या खाचरातलं, हे वरचं."

मी दार लावून घेतलं. ते उंबऱ्याशी बसून राहिले. आमटी उतरवली, भात उतरवला, तरी बसलेलेच. शेवटी वैतागून दार उघडलं आणि पहिल्या पानावर बोट टेकवलं. खारट, मिठागरासारखं. दुसऱ्यावर टेकवलं. नुसती माती, थोडी तुरट, थोडी थंड. आयुष्यात पहिल्यांदा मी माती चाखली होती, आणि फरक इतका स्वच्छ होता की मला स्वतःचाच राग आला. मी चावी दिली.

सगळ्यात वरचं खाचर पिकलं. त्यावर आम्ही वर्ष काढलं. त्याखालचं मात्र अर्धं जळालं; तिथे भावजी चुकले होते. "कडेची माती चाखली, मधली राहिली," एवढंच म्हणाले. दोन महिने आमचे हे माझ्याशी धड बोलले नाहीत.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी भावजींना विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी ताप उतरला, पण अंगात काही उरलं नव्हतं. मी पेज घेऊन गेले. एक घोट घेऊन ते म्हणाले, "वहिनी, मीठ राहिलं."

मी वाटीतली पेज चाखली. मीठ बरोबर होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"घातलंय?" त्यांनी विचारलं.

"घातलंय."

भावजी वाद घालतील, वाटी परत मागतील, म्हणून मी थांबले. ते म्हणाले, "मग असेल," आणि उरलेली पेज मुकाट्याने प्यायले.

तिसऱ्या दिवशी ते गेले. ज्या माणसाने जन्मभर कुणाचं ऐकलं नाही, त्याने त्या दिवशी माझं ऐकलं, याचा मला अजून राग येतो.