कार्डाची मागची बाजू

मिलिंद गेला त्याला सहा आठवडे झाले. वंदनाचा, त्याच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसात नुसता बसून राहिलो... पण परवा त्याच्या बेसबॉल क्लबचं पत्रक हाती पडलं आणि डोकंच फिरलं. एक ओळ. ‘आमचा एक लाडका फॅन हरपला.’ फॅन? अरे, टीम बांधली त्यानं तुमची!

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावाजवळचा हा क्लब म्हणजे पैशाचा कायम खडखडाट. नागपूरहून स्टॅटिस्टिक्स शिकायला आलेला मिलिंद सुट्टीच्या दिवशी तिथं फुकट आकडे मांडायचा. तिथले जाणते लोक खेळाडू निवडायचे ते रूप बघून. खांदे रुंद, चाल ऐटबाज, घ्या! मिलिंद म्हणायचा, “दिसतो कसा ते सोडा यार, बेसवर किती वेळा पोचतो ते बघा.” चार वाईट चेंडू सोडून दिले की फलंदाज आयता पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, जातो. पण असं सोडणाऱ्याचं कुणाला कौतुक नाही, म्हणून तो स्वस्तात मिळतो. खेळाडूंची कार्डं असतात, पुढे फोटो, मागे आकडे. मिलिंद ती उलटीच धरायचा. त्यानं एक ढेरपोट्या, एक गुडघा गेलेला, एक वय झालेला, असे सगळे नाकारलेले गोळा केले. मॅनेजर खो खो हसला, पण स्वस्तात मिळताहेत म्हणून घेतले. आणि शहाण्णवच्या सीझनला त्याच टीमनं कप जिंकला!

जेवणाच्या समारंभात मॅनेजर माइकवर म्हणाला, “ही सगळी माझ्या नजरेनं हेरलेली पोरं.” मिलिंद मागच्या टेबलावर टाळ्या वाजवत होता. मी म्हटलं, “ऊठ, बोल काहीतरी!”

“जाऊ दे रे. पोचले ना सगळे बेसवर?”

असा संताप आला मला! आजही येतो. पण मी तरी कोणत्या तोंडानं बोलू? इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला तो पहिल्यांदा भेटला. “मी मिलिंद,” म्हणाला. मी लगेच, “मिलिंद... पुढे?” त्यानं शांतपणे आडनाव सांगितलं. मी “अच्छा” म्हणून दुसऱ्या टेबलाकडे वळलो. पुढे कारपूलमुळे मैत्री झाली, घट्ट झाली. ते “अच्छा” त्यानं कधी काढलं नाही, आणि मी कधी माफी मागितली नाही.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. त्याच्या टेबलावर कार्डांची चळत तशीच पालथी. वरचं कार्ड कुणाचं ते बघायला मी उलटणार, इतक्यात त्याची नऊ वर्षांची मुलगी मैत्री दारातून म्हणाली, “काका, डोन्ट. बाबा रीड्स द बॅक फर्स्ट.”

मी हात मागे घेतला.