सव्वा वाजताची बस आणि गेटवरचा कॅमेरा

या ग्रुपवर मी तीन वर्षं नुसतीच वाचते आहे. कधी लिहिलं नाही, कारण खरं सांगते, मी तुमचे अनुभव भाजी निवडताना करमणूक म्हणून वाचत होते. कुणाला पांढरी साडी दिसली, कुणाला पैंजण ऐकू आले... मी मनात म्हणायची, बाई, आधी डोळे तपासून घ्या. आमच्या घरात असलं काही कधी मानलंच नाही. माझे वडील अमावास्येला मुद्दाम केस कापायचे. त्यामुळे आता हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण कुणाशी तरी बोलायला हवं, आणि घरात जे आहेत त्यांच्याशी बोलून उपयोग नाही.

आम्ही बडोद्याला, कारेलीबागेत राहतो. सोसायटीतलं जुनं बैठं घर... पुढे ओटला, ओट्यावर हिंचका म्हणजे आपला झोपाळा, मग चार पावलांचं अंगण आणि लोखंडी गेट. घरात मी आणि आमचे हे. मुलगी मेधा सुरतेला, बँकेत. ह्यांनी बाजव्याच्या बाजूला एका प्लांटमध्ये बत्तीस वर्षं शिफ्ट केली. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली. पण गेल्या तीन वर्षांपासून ह्यांच्या डोक्यातून ती चौदा वर्षंच पुसली गेली आहेत. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि "सांभाळा" म्हणाले. सांभाळा म्हणायला काय जातं!

तर ह्यांचं असं, की जेवण झालं की ह्यांची सेकंड शिफ्ट सुरू होते. कंपनीची बस सव्वा वाजता नाक्यावर यायची. ती आता येत नाही, तो नाकासुद्धा राहिला नाही, तिथे मोबाइलची दुकानं झाली. पण हे निळा शर्ट घालणार, डब्याची पिशवी खांद्याला लावणार आणि निघणार. दोनदा समोरच्या कोकिलाबेननी आरडाओरडा केला, "मासी! काका तो रोड पर ऊभा छे!" तिसऱ्यांदा कोणीच बघितलं नाही. संध्याकाळी फतेगंजच्या पलीकडे, मिलिटरीच्या भिंतीपाशी बसलेले एका रिक्षावाल्याला सापडले. पायात एकच चप्पल.

गेटला कुलूप लावून पाहिलं. पण मग हे ग्रिलवर डोकं आपटायचे, "ॲबसेंट लागेल, ॲबसेंट लागेल" करत. कपाळाला तीन टाके पडले. कुलूप काढलं.

मेधा त्या दिवशी सुरतेहून धावत आली आणि तिने मला सरळ सांगितलं, "आई, परत एकदा बाबा हरवले ना, तर मी तुझं ऐकणार नाही. माझ्या घराजवळ केअर सेंटर आहे, मी बघून आले आहे. तिथे ठेवायचं."

"आणि मी?"

"तू माझ्याकडे. झोपशील तरी."

झोप. हा शब्द ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते ह्यांच्यासाठी नव्हतं, हे तुम्हाला सांगून टाकते. पण पंचेचाळीस वर्षं ज्या माणसाला जेवू घातलं, त्याला अनोळखी लोकांच्या हातात द्यायचं... मी नाही म्हणाले. म्हटलं, मी कॅमेरे लावते.

दुकानदाराने जे दाखवले त्यांची सगळी चित्रं कुठल्या तरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर जाणार होती. आमचे हे कधीकधी लेंगा न घालताच ओट्यावर येतात. ते कुणा परक्याने का बघावं? मग शोधता शोधता ते ओपन सोर्सचं सॉफ्टवेअर सापडलं. फुकट, आणि सगळं आपल्या घरातल्या घरात राहतं. मेधाचा जुना लॅपटॉप होता. मी जुनी अकरावी मॅट्रिक, आयुष्यभर स्वेटर विणून विकले... पण व्हिडिओ बघून बघून केलं. त्यात एक फाइल लिहायची असते, तिच्यात ओळीच्या आधी किती जागा सोडली त्यावर सगळं चालतं. एक जागा कमी पडली की ठप्प. अगदी विणकामासारखं, एक टाका निसटला की उसवा. चार दिवस उसवलं आणि पाचव्या दिवशी माझा ओटा लॅपटॉपवर दिसला. कोकिलाबेनना पेढा दिला मी!

दोन कॅमेरे. एक दारावर, एक गेटवर. गेटपाशी मी स्क्रीनवर एक चौकोन आखला. त्या चौकोनात माणूस आला की माझा फोन वाजणार आणि फोटो येणार. चार सेकंद उशिरा येतो, तेवढं चालतं, हे काही पळत नाहीत. फोटोबरोबरची व्हिडिओ क्लिप लॅपटॉपमध्ये सात दिवस राहते, मग आपोआप पुसली जाते. तेही मीच लिहिलं फाइलमध्ये, जागा पुरावी म्हणून.

दोन आठवडे सगळं नीट चाललं. फोन वाजला की मी जायची, हात धरायची आणि म्हणायची, "अहो, तुमची शिफ्ट बदलली. निरोप आलाय. उद्या फर्स्ट आहे." हे म्हणायचे, "कोणी बदलली? लेखी आहे का?" मग चहा. रोज हेच.

त्या मंगळवारी सकाळी न्हावी घरी येऊन ह्यांचे केस बारीक कापून गेला होता. जेवणं झाली, मी आडवी झाले. फोन वाजला. बारा बावन्न. फोटोत हे गेटच्या बाहेर पाऊल टाकलेले, निळा शर्ट, खांद्याला पिशवी. मी तशीच अनवाणी धावले.

गेट बंद. कडी लावलेली. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

म्हटलं, चार सेकंदांत कुठे गेले? आत आले फोन करायला, तर हे खोलीत पलंगावर बसलेले. अंगात बनियन. निळा शर्ट मांडीवर घेऊन बटणाशी झटापट चाललेली.

"शालू, हे काज कोणी शिवून टाकलं गं?"

मी तशीच वळले. जाऊन गेटमध्ये उभी राहिले. अकरा मिनिटांनी हे आले... निळा शर्ट, पिशवी. मी नेहमीचं सांगितलं, परत आणलं. आणि त्या वेळी आम्ही दोघं भर चौकोनात उभे असताना फोन वाजलाच नाही.

पहिल्यांदा वाटलं, जुना फोटो आला असेल. मग नीट पाहिलं. फोटोत ह्यांचे केस बारीक कापलेले होते, मानेवर पावडरसुद्धा होती. न्हावी आला होता त्याच दिवशी सकाळी दहाला. म्हणजे जुना नाही. मग म्हटलं, घड्याळ चुकलं असेल. तर कॅमेरा, लॅपटॉप, फोन, तिघांची वेळ एक. आणि घड्याळ चुकलं तरी जे झालंच नाही त्याचा फोटो कसा येईल?

त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या परदेशी फोरमवर भाषांतर करून विचारलं. एकाने लिहिलं, टाइमझोन तपासा. दुसऱ्याने लिहिलं, टाइमझोन तपासा. तिसऱ्याने मला विचारलं की मी नीट झोपते का. मी त्याला आभार मानून उत्तर दिलं.

महिन्याभरात असं पाच वेळा झालं. कधी सात मिनिटं आधी, कधी वीस. फोटोत हे बाहेर पडताना दिसायचे, मी आधीच जाऊन उभी राहायची, आणि हे बाहेर पडायचेच नाहीत. कोकिलाबेनना सांगितलं. त्यांनी हात जोडले, "ए तो माताजीनी कृपा छे, मासी."

"माताजींना माझा वायफायचा पासवर्ड कोणी दिला हो, कोकिलाबेन?"

त्यांना राग आला. दोन दिवस ढोकळा पाठवला नाही.

मला भीती वाटायला हवी होती ना? नाही वाटली. इतकी थकले होते, की वाटलं, कोणी का असेना, पहारा देतंय ना? मी दुपारी झोपायला लागले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

आता जे लिहायचं ते जरा जड आहे.

एका बुधवारी जेवताना ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फार प्रेमाने विचारलं, "मावशी, तुम्हाला तुमचं घर नाही का? एवढं आमचं करता..." मी म्हटलं, "आहे हो. जाईन." आणि भांडी घासता घासता मनात आलं, जावंच आता. दोघांनी. मेधाला फोन मात्र केला नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी साडेआठला फोन वाजला. मी चहा गाळत होते, हे हिंचक्यावर माझ्या डोळ्यांसमोर बसलेले. म्हटलं दूधवाला असेल. फोटो उघडला... फोटोत मी होते. माझी जांभळी सुती साडी, हातात ह्यांची करड्या रंगाची बॅग. मागे हे, माझ्या पदराचं टोक मुठीत धरून, लहान मुलं धरतात तसं. गेटबाहेर मेधाची पांढरी गाडी. पूर्ण क्लिप पाहिली. मी पुढे चालते, ह्यांना मागच्या सीटवर बसवते, दार लावते. एकदाही मागे वळून बघत नाही. हे मात्र गाडीच्या काचेतून थेट कॅमेऱ्याकडे बघतात.

आणि सावली! सकाळी लिंबाच्या झाडाची सावली गेटवर असते. क्लिपमध्ये ती शेजारच्या भिंतीवर होती, दुपारनंतर असते तशी.

मी चहा तसाच ठेवला. जांभळी साडी कपाटाच्या तळाशी, गाद्यांच्या खोळींखाली कोंबून टाकली.

मेधा शनिवारी आली, "सहज". रविवारी जेवताना ह्यांनी ताट भिरकावलं. गरम डाळ माझ्या हातावर, पोटावर. हाताला फोड आले. मेधा ओरडली नाही, नुसती माझ्या हातावर पाणी ओतत राहिली आणि मग तिथेच मोरीत खाली बसली. "आई, बाबा तर गेलेतच गं. मला तू तरी हवी आहेस."

मी म्हटलं, "ठीक आहे. आजच नेऊ या. उद्यावर टाकलं तर मी बदलेन."

मेधाने मला कपडे आणून दिले, ओले कपडे मी मोरीतच बदलले, काय नेसतेय ते न बघता. ह्यांची बॅग भरली. गोळ्या, लेंगे, निळा शर्ट. साडेतीन वाजले असतील. मी गेटची कडी काढली. पदराला ओढ लागली. खाली बघितलं तर जांभळी.

मेधाला नंतर विचारलं. म्हणाली, कपाटात सगळ्यात वर होती.

मी तिथेच उभी राहिले. आतापर्यंतच्या प्रत्येक फोटोत थांबवायला हे होते. आता कोणाला थांबवायचं? क्लिपमध्ये मी वळून बघत नाही हे मला पाठ होतं. म्हणून मी वळले. ह्यांनी पदर सोडला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं शालू, तू कुठे निघालीस शिफ्टला?"

चार दिवसांनी माझं नाव घेतलं होतं.

मी म्हटलं, "तुमची शिफ्ट बदलली हो." आणि गेट लावून घेतलं.

मेधा गाडीपाशी उभी होती. म्हणाली, "आई, हे तू चूक करते आहेस." मी म्हटलं, "असेल." संध्याकाळी तिला ती क्लिप दाखवली. तिने तीनदा बघितली. "हे आजचंच आहे. मी दुपारी गाडी तिथेच लावली होती. पण बाबा गाडीत बसलेच कुठे?"

"तारीख बघ."

गुरुवार. सकाळी आठ बत्तीस. तिने लॅपटॉप मिटला आणि ती हिंचक्यावर जाऊन बसली. आणि रविवारी गेटपाशी आम्ही तिघं होतो, त्याची नोंद? काहीच नाही. फोन वाजला नव्हता.

ती क्लिप आता नाही. सात दिवसांनी पुसली गेली. जपून ठेवायचं बटण होतं, मला सुचलंच नाही. मेधाला आता वाटतं की आपण दोघी दमलेल्या होतो, तारीख नीट वाचली नसेल. तिला तसं वाटू दे. तिने दुपारी बारा ते पाच एक बाई लावून दिली आहे, त्या चांगल्या आहेत. फोन आता प्रत्येक वेळी चार सेकंद उशिराच वाजतो.

तुमच्यापैकी पुष्कळ जण म्हणतील की कुठल्या तरी शक्तीने ह्यांना वाचवलं. मला नाही तसं म्हणता येत. ते मला थांबवायला दाखवलं, की "जा, असंच होणार आहे" म्हणून दाखवलं, आणि मीच घाबरून परत फिरले? खूप विचार केला.

हात बरा झालाय. पण आज जेवताना ह्यांनी मला परत मावशी म्हटलं, आणि मला परत वाटलं, त्या दिवशी जायला हवं होतं. बाई आल्यावर मी फोन समोर घेऊन बसले. तासभर बसले असेन. काही आलं नाही. या वेळी माझं मलाच ठरवावं लागणार असं दिसतंय.