आरशापुढची जीभ

आमचे भावोजी न्हावी. हात इतका हलका, की दाढी करताना गिऱ्हाइकाचे डोळे मिटायचे. त्या वर्षी मात्र मिटायला लागले ते खुद्द भावोजींचेच. गावच्या शाळेतल्या मास्तरांच्या गालावर वस्तरा टेकवला आणि गडी उभ्याउभ्या पेंगला. रक्त आलं नाही, पण वस्तरा खणात गेला तो गेलाच. नुसती कात्री चालायची. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान समोरच. त्यांचा उतरलेला चेहरा मला दिवसभर दिसायचा.

कारण ताईला ठाऊक होतं. भावोजींचं घोरणं मध्येच थांबायचं, श्वासासकट. ती जागी राहून त्यांना हलवायची. डॉक्टरांनी झोप तपासून सांगितलं, झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. दुखणं फार वाढलेलं नाही, आधी तोंडाचे व्यायाम करून बघू. जीभ टाळूला चिकटवायची, बाहेर ताणायची, गाल फुगवायचे. दिवसातून तीनदा, तीन महिने.

दुकानात आरसा आयताच होता. घोळ तिथेच झाला. मास्तर केस कापायला बसले होते आणि भावोजींनी त्यांच्या मागे उभं राहून जीभ हातभर बाहेर काढली. समोरच्या आरशात गिऱ्हाइकालाही दिसतं, हे वीस वर्षं न्हावीकाम करणारा माणूस विसरला! मास्तर अर्ध्या कापल्या केसांनी, गळ्यातल्या कापडासकट तरातरा निघून गेले. मी हसून बेजार झालो. भावोजी रडवेले.

मग त्यांनी खुर्चीच फिरवली. आता गिऱ्हाईक भिंतीकडे, आरसा भावोजींना. लोक कुरकुरले, तेव्हा मला राहवेना. सगळ्यांना खरं कारण सांगून टाकलं. आठवडाभर भावोजींनी माझ्याशी अबोला धरला.

तीन महिन्यांनी एका सकाळी ताई माझ्या दुकानात आली. "काल मला जागच आली नाही रे," म्हणाली आणि बाकावर बसून रडली. पुढच्या तपासणीत डॉक्टरही खूश झाले. तरीही वस्तरा खणातच.

शेवटी मास्तर आपणहून आले. खुर्ची आरशाकडे फिरवून बसले आणि दाढी करायला सांगितली.

"मास्तर, पुन्हा डोळा लागला तर?"

"तर मी तुला जीभ दाखवीन. साबण लाव."

भावोजींनी साबण लावला आणि खणातून वस्तरा काढला. अर्धा गाल झाला आणि मास्तर घोरायला लागले. भावोजींनी वस्तरा बाजूला धरला, त्यांचा श्वास नीट चाललाय ना ते ऐकलं आणि उरलेला गाल केला.