गडगडबाईंचा शेरा

वेधशाळेतल्या बाईंना सगळे गडगडबाई म्हणत, आणि बाईंना त्याचा राग सोडाच, अभिमान होता. तेहेतीस वर्षं एकच काम: काचेच्या गोळ्याखालची पुठ्ठ्याची पट्टी बदलायची, उन्हाने तिच्यावर जाळलेली रेघ मोजायची, आणि गडगडाट झाला की वहीत खूण करायची. नियम कडक. वीज नुसती दिसली तर खूण नाही, कानांनी ऐकलं तरच.

एक दिवस वरच्या कार्यालयातली संशोधक आली. सूर्यावरचे डाग वाढले की विजांवर आणि मग हवामानावर काय परिणाम होतो, हे ती शोधत होती. वही चाळता चाळता ती उडालीच.

"बाई, गेल्या पाच वर्षांत डाग वाढत गेले आणि तुमचा गडगडाट निम्म्यावर आला! खजिना आहे हा. निबंधात तुमचं नाव घालते."

बाई जेवायला घरी आल्या त्या तरंगतच. पहिला घास घेतात तोच जाऊबाई दचकल्या.

"अगं बाई! केवढ्यानं गडगडलं!"

"कुठे?"

"कुठे काय, डोक्यावर! तावदानं हादरली की." जाऊबाई हसल्या. "ताई, तुमच्या कानाशी आता ढोल बडवायला हवा. माझ्या लेकीच्या लग्नापासून हे असंच चाललंय."

लेकीच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती.

गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? आयुष्यात पहिल्यांदा नाव छापून येणार होतं. पण छे! स्वतःच्या कानांचा दोष सूर्याच्या माथी मारायचा? बाईंना स्वतःचाच संताप आला. ताट तसंच ठेवून, हात धुऊन त्या निघाल्या.

ऐकून संशोधिकेचा चेहरा पडला. "अहो, माझा निष्कर्षच उडाला! आणि हे वर कळलं तर वही तुमच्या हातात ठेवणार नाहीत."

"नाही ठेवली तर नाही. अठ्ठावीस वर्षं तरी खरी उरतील." बाईंनी वही पुढे ओढली. जुन्या खुणांना हात लावला नाही. पाचही वर्षांच्या पहिल्या पानावर, शेऱ्याच्या रकान्यात, ठसठशीत अक्षरात लिहिलं:

'गडगडाट झाला असेल. निरीक्षकाला ऐकू आला नाही.'

आणि पाचही ठिकाणी पूर्ण नावानिशी सही केली.