कृष्णात गलाईवाल्यांचं उरलेलं मशीन

सेलमच्या सराफ गल्लीत कृष्णात जाधवांचं गलाईचं, सोनं गाळून शुद्ध करायचं, दुकान होतं, तेव्हा तिथले सराफ त्यांच्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगत: ह्यांच्याकडं एकाचं सोनं दुसऱ्यात जात नाही. गिऱ्हाईक जुने दागिने घेऊन आलं की त्याची मूस वेगळी. ती भट्टीवरून उतरून गार झाल्याशिवाय दुसऱ्याचा मणीसुद्धा पेटीतून बाहेर यायचा नाही. मागचा माणूस खोळंबून कुरकुर करी. कृष्णातराव त्याला चहा पाजत, पण हात घाईला येऊ देत नसत.

आता दुकान बंद करून ते विट्याला परत आले आहेत. बोटांवर तेजाबाचे पिवळे डाग तसेच आहेत आणि सवयही. घरात मुगाच्या डब्यात मसुराचे चार दाणे दिसले तरी ताट घेऊन निवडायला बसतात. पत्नी बनुबाई म्हणतात, "आवं, आमटीत गेल्यावर कोण इचारतंय का, तू कुठल्या डब्यातला म्हणून?"

ते तसेच निवडत राहतात.

पोरं लहान असताना बनुबाई त्यांना घेऊन विट्यात राहायच्या आणि कृष्णातराव वर्षातून एकदा, दिवाळीला यायचे. एका दिवाळीला त्यांनी थोरल्या जयराजसाठी व्हिडिओ गेम आणला. काळं, चपटं मशीन, वरून कॅसेट घालायची. धाकट्या शिवतेजनं महिनाभर रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून पुढच्या दिवाळीला त्याच्यासाठीही एक आलं, तसंच. पुढं दोन्ही बिघडली. दुरुस्त करून आणतो म्हणून कृष्णातराव ती सेलमला घेऊन गेले आणि ती दुकानाच्या माळ्यावरच राहिली.

दुकान आवरताना त्यांनी एक मशीन परत आणलं. दुसरं, जुन्या सर्किटच्या पाट्यांवरचं सोनं काढतात तसं, पाटी सोडवून तेजाबात गेलं. कुठलं आणलं नि कुठलं गेलं, हे त्यांनी तेव्हा मनाशी नोंदवलं नव्हतं. मशीन म्हणजे मशीन.

हा प्रश्न उभा राहिला तो जयराजच्या फोनमुळं. तो फौजेत सुभेदार आहे. सुट्टीवर येताना म्हणाला, "आण्णा, माझं मशीन मी घेऊन जाणार. प्रांजलला दाखवायचंय." प्रांजल त्याची मुलगी. मग जरा थांबून म्हणाला, "घरात सगळं दोघांत यायचं. तुमी माझ्या एकट्यासाठी आणलेलं तेवढंच हाय."

कृष्णातरावांनी कपाटातलं मशीन खाली काढलं. "हाय की, ठेवलंय," ते म्हणाले.

"माझंच ना? माझ्याच्या मागं एक जादा सॉकेट होतं बघा. शिवतेजच्याला नव्हतं."

त्यांनी मशीन उलटं करून पाहिलं. मागं सॉकेटची खाच होती. जीव भांड्यात पडला. "तुझंच हाय," त्यांनी शब्द दिला.

संध्याकाळी शिवतेजनं जुन्या टीव्हीला जोडून मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर आधी पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली, थोडी थांबली, मग खेळ सुरू झाला.

"हे माझं!" शिवतेज ओरडलाच. "अक्षरं माझ्यावर यायची. दादाच्या मशीनवर धाडकन् खेळच सुरू व्हायचा. त्यावरनं चिडवायचा मला, तुझं मशीन आधी पाटी वाचतंय म्हणून."

"आरं, पण मागं सॉकेट हाय."

"आसंल. पण अक्षरं बी हायत की."

कृष्णातराव रात्रभर तळमळले. सोन्यात असं होत नाही. दगडावर घासलं, तेजाब टाकलं की सोनं एकच काहीतरी बोलतं. हे मशीन दोन तोंडांनी दोन गोष्टी बोलत होतं आणि दोन्ही खऱ्या वाटत होत्या.

शिवतेजबरोबर कॉलेजात असलेली सबा मुल्ला रहिमतपूरला जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करते. मशीन पिशवीत घालून, पिशवी मांडीवर धरून, कृष्णातराव एसटीनं तिच्याकडं गेले.

"काका, ह्याच मशीनचे लय प्रकार निघाले," सबानं ते हातात घेत सांगितलं. "दिसायला सगळी भावंडं सारखीच. पहिल्या मशिनांच्या मागं जादा सॉकेट असायचं, नऊ पिनांचं. नंतर ते काढून टाकलं. आणि पडद्यावरची ती अक्षरं शेवटी शेवटी आली."

"मग हे पहिलं का शेवटचं?"

तिनं टॉर्चचा उजेड मागच्या खाचेत टाकला. "बघा तुम्हीच."

खाचेत काहीच नव्हतं. पिना नाहीत, सॉकेट नाही. नुसतं भोक, आणि त्यातून आतली हिरवी पाटी दिसत होती. सबानं स्क्रू काढून झाकण उचललं. वरचं खोकं पहिल्या मशीनचं. आतली पाटी नंतरच्याची.

"कुणीतरी दोघांचं एक केलंय," ती म्हणाली. "दुकानदार करतात असं. एकाची बॉडी चांगली, दुसऱ्याची पाटी चालू. चोरबाजारात तर..."

"चोर न्हाई," कृष्णातराव म्हणाले. "मीच."

आता त्यांना अंधुक आठवत होतं. माळ्यावरून दोन्ही काढली होती. एकाचं खोकं फुटलेलं पण पाटी शाबूत, दुसऱ्याची पाटी जळलेली. गलाईवाल्याची नजर: खोकं म्हणजे कचरा, पाटी म्हणजे माल. चालू पाटी चांगल्या खोक्यात बसवली आणि जळकी पाटी मालात टाकली. एवढं साधं. त्या वेळी ह्या हातांना काहीसुद्धा वाटलं नव्हतं.

जयराज दुसऱ्या दिवशी आला. चहा व्हायच्या आत त्यानं मशीन मांडीवर घेतलं होतं, खाचेवरून अंगठा फिरवत होता. कृष्णातराव समोर उभे राहिले. आयुष्यात कुठल्याही गिऱ्हाइकाला जे सांगायची वेळ आली नव्हती, ते त्यांनी पोराला सांगितलं.

"माझ्या हातनं एकाचं दुसऱ्यात गेलं, जयराज. वरचं तुझं हाय. आतलं ह्याचं."

शिवतेज उठून मशीनजवळ आला.

"म्हंजे खेळतंय ते माझंच," शिवतेज म्हणाला.

"आणि दिसतंय ते माझं," जयराज म्हणाला. "मग सोपं हाय. वरचं मी नेतो, आतलं तू ठेव गड्या."

कृष्णातरावांनी कोनाड्यातला स्क्रू ड्रायव्हर आणला, खाली बसले आणि मशीन ओढून पहिला स्क्रू फिरवायला लागले.

"आवं आण्णा, ठेवा ते खाली!" दोघं एकदमच ओरडले.

"तूच म्हणालास की."

"चेष्टा केली वो!"

बनुबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्यांस्नी चेष्टा कळती व्हय? तुझ्या बापाला चेष्टा बी मुशीत घालून बघाय लागती."

शिवतेज हसला. जयराजही हसला, पण उठून अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

सुट्टी संपवून तो निघाला तेव्हा मशीन कॉटवरच होतं. स्टँडवर कृष्णातराव म्हणाले, "मशीन राह्यलं रं."

"राहू द्या."

"शिवतेजला दिलंस?"

"न्हाई."

"मग रागावलास का?"

"न्हाई वो, आण्णा." त्यानं वाकून पाया पडून घेतलं आणि गाडीत चढला.

घरी येताना कृष्णातराव ते 'राहू द्या' मनात उलटंपालटं करून पाहत राहिले. त्याला वजन होतं की ते पोकळ होतं, काही कळेना. शिवतेजला विचारलं, तर त्यानं खांदे उडवले. तोही मशीनला हात लावत नव्हता.

दोन दिवसांनी जयराजचा फोन आला. गाडी वेळेत पोचली, थंडी आहे, प्रांजलची परीक्षा आहे. मग म्हणाला, "आण्णा, माझी पाटी गाळली, त्यात सोनं किती निघालं?"

"कुठलं सोनं! डोळ्यात जाईल एवढं बी न्हाई."

"पण निघालं ना?"

"निघालं आसंल."

"मग ते कुठाय?"

कृष्णातरावांनी डोळे मिटून घेतले. आवराआवरीचे दिवस होते ते. भट्टी शेवटचीच पेटली होती. समोर एकच मूस होती, उरलासुरला सगळ्यांचा माल तिच्यातच.

"दुसऱ्या कुणाच्या तरी मालात गेलं, जयराज," ते म्हणाले.

तिकडून हसल्यासारखा आवाज आला. तो खरंच हसला, की रेंज गेली, हे त्यांना समजलं नाही. फोन कानाला तसाच धरून ते बराच वेळ उभे राहिले.