कवड्या की मण्यार

जेठाला, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, आमच्यात अहो-जाहो करतात. मी इथे करणार नाही. त्याच्यासमोर पदर पुढे ओढून मुकं राहायचं, काही सांगायचं तर सासूच्या तोंडून सांगायचं, हे मी शहाद्याकडच्या त्या घरात इमानाने पाळलं. ती रीत पाळण्यापायी माझा नवरा गेला.

तिन्हीसांजेला चुलीसाठी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या काढताना त्याच्या बोटाला साप चावला. त्याने तो काठीने ठेचला आणि अंगणात आणून टाकला. चिमणीच्या उजेडात मी तो नीट पाहिला. माझं माहेर तोरणमाळच्या पायथ्याचं. वडिलांनी लहानपणीच शिकवलेलं: गडद अंगावर पांढरे पट्टे दोघांनाही असतात, पण कवड्याचे मानेपासूनच ठसठशीत निघतात आणि शेपटीकडे विरतात. मण्यारीचं उलट. मान कोरी, पट्टे शेपटीकडे ठळक. कवड्याला विष नाही आणि मण्यार म्हणजे साक्षात काळ. या सापाची मान कोरी होती.

मी सासूच्या कानाशी लागले: मण्यार आहे, तालुक्याच्या दवाखान्यात विषावरची लस आलीय म्हणतात, आत्ताच्या आत्ता गाडी जोडा. सासूने ते जेठाला सांगितलं. तो तंबाखू मळत आला, पायाने साप उलटा केला.

"बाईमाणूसले काय समजस? कवड्या शे. झोपू दे त्याले."

दुखत नाही, असं नवराही म्हणाला. मण्यार चावली की दुखतच नाही हो! उजाडायच्या आत त्याच्या पापण्या उघडेनात, मग श्वास घेता येईना. गेला. आणि तेराव्याला हा मेला जेठ चारचौघांत सांगतो, नशिबात होतं ते झालं!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पदराआडचा राग दिसतो कुणाला? त्याच्याच घरात राबले, त्याच्यासाठी भाकरी थापल्या, आणि थापताना मनात म्हणत राहिले, याला चावू दे, एकदा तरी चावू दे.

चावला. काही वर्षांनी, गोठ्याची पडकी भिंत काढताना, भर दुपारी. ठेचलेला साप काठीवर घेऊन तो थेट माझ्यापुढे आला. पाचावर धारण बसलेली. रीतभात गेली चुलीत!

"सांग वं बाई, तुले वयखू येस. काय शे हाई?"

मी वाकून पाहिलं. मानेपासून ठळक पट्टे, शेपटी साधी. कवड्या. मी पदर मागे सारला, त्याच्या डोळ्याला डोळा दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी बोलले.

"मण्यार."

काय ती धावपळ! बघता बघता गाडी जोडली. निम्मा गाव अंगणात जमला. गाडीत पडून तो पोरासारखा रडत होता, आईचा हात सोडत नव्हता.

"माय, मन्ही चूक व्हयनी. त्या दिन मालेबी मण्यारच वाटनी व्हती. पण बैल थकेल व्हतात, सकाय कापूस लई जावाना व्हता..."

सासूने हात सोडवून घेतला. इतकी वर्षं मी समजत होते, मेल्याला ओळखता आलं नाही. ओळखलं होतं त्याने!

मी पुढे झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कवड्या शे. बैल सोडा, थकी जातीन."