तेवीस न वाचलेल्या उत्तरपत्रिका

तेवीस उत्तरपत्रिका होत्या. मी एकही उघडली नाही आणि तेवीस जणांना गुण दिले. म्हैसूरमधल्या एका विद्यापीठात मी भूगोल शिकवतो. एम.ए.च्या शेवटच्या सत्रातली ती वीस गुणांची अंतर्गत चाचणी होती. तीन वर्षं हे मी कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मी मुळातच कमी बोलणारा. आमच्या घरात याला चांगुलपणा समजतात. त्या चांगुलपणाआड मी आरामात लपून बसलो होतो.

का वाचल्या नाहीत, याची कारणं होती. तपासणी समिती येणार होती, फायली भरायच्या होत्या. खरं सांगायचं तर कारण नसतं तरी फार फरक पडला नसता. आमच्या विभागात हे चालायचंच. मागच्या सत्राचे गुण समोर ठेवायचे, एखाददुसरा इकडेतिकडे करायचा, यादी पाठवून द्यायची. एक सहकारी म्हणायचा, "पीठ कालचंच, दोसा आजचा." आम्ही हसायचो. चाळीस-पन्नास हजार पगाराची नव्हे, त्याच्या कितीतरी वरची, शिकलीसवरलेली पाच माणसं चहा पीत हसायचो.

त्या तेविसांत एक मुलगी आमच्यातली होती. आमच्यातली म्हणजे घरात मराठी बोलणारी. इथे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या आहोत, पण मूठभर. तिचे वडील शिंपी. मार्केटमागच्या बोळात त्यांचं दुकान आहे, माझ्या वडिलांचा लग्नातला कोट तिच्या आजोबांनी शिवला होता. विठ्ठलाच्या देवळात एकादशीला भजन असतं, तिथे आम्ही शेजारी बसतो. दुकानात ती मला काका म्हणायची, वर्गात सर. आधीच्या सत्रात तिला सोळा गुण होते. मी नऊ लिहिले.

हे नऊ कुठून आले ते सांगतो, कारण याच्याइतकी चीड मला दुसऱ्या कशाची येत नाही. आडनावावरून आम्ही लगेच ओळखू येतो. 'मराठी सरांनी मराठी पोरीला दिले' असं स्टाफरूममध्ये कोणी म्हणू नये, म्हणून मी तिचे सात गुण कापले. वाचून नव्हे. निःपक्षपाती दिसावं म्हणून. आणि त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःबद्दल जरा बरंही वाटत होतं. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं नाही, बघा.

ती गप्प बसली नाही. तिने विभागप्रमुखांच्या नावे चार ओळींचा अर्ज दिला. आमच्याकडे नव्या विद्यार्थ्यांना एक पुस्तिका देतात, त्यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या सांगणारी. जबाबदाऱ्यांची पाच पानं, हक्कांचं एक. त्या एका पानावर कलम आहे: तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याला हक्क आहे. तिने कलमाचा क्रमांक घालून लिहिलं होतं. ते पान मीच लिहिलेलं. पुस्तिकेच्या समितीत मराठी माणूस म्हणजे कामाला बरा, म्हणून मला घेतलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. प्रमुख, मी आणि एक सहकारी असे आम्ही तिघं खुर्च्यांवर, ती उभी.

"सरांनी पेपर न बघता मार्क दिले, असं म्हणायचंय का तुला?" प्रमुखांनी कन्नडमध्ये विचारलं.

"तसं मी कुठं लिहिलंय, सर? मला पेपर बघायचाय."

"म्हणजे संशय."

"बघितला की संशय उरणार नाही."

प्रमुख माझ्याकडे वळले. "दाखवायचा का हो?"

"गठ्ठा घरी आहे," मी म्हणालो.

गठ्ठा माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. किल्ली खिशात होती. नंतर प्रमुख मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्याकडचीच ना ती? तुम्हीच मिटवा. माफीपत्र घ्या, फाइलला लावू, विषय संपला."

माफीपत्र ही आमच्याकडची खास रीत. उशिरा आलास, माफीपत्र. वसतिगृहात पाणी नाही म्हणून ओरडलास, माफीपत्र. कोणाची चूक, याची चौकशी करण्याची गरजच राहत नाही. विद्यार्थ्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या की चूक त्याची ठरते.

संध्याकाळी मी दुकानात गेलो. तिचे वडील एका गिऱ्हाइकाची बाही मोजत होते. मला बघून टेप गळ्यात टाकून उठले, स्टूल पुसलं.

"मुलीला म्हणावं, दोन ओळी माफीच्या लिहून दे," मी म्हणालो. "उगाच वर्षाच्या शेवटी कटकट नको."

"तुमी हायत म्हणून आमाला काय काळजीच न्हाय, सार," ते म्हणाले.

ती आत काजं करत बसली होती. तिथूनच म्हणाली, "माफी कशाबद्दल, काका?"

"सुम्ने, गुमान लिही ग," वडील म्हणाले. "सरांपरीस तुला जास्त कळतं काय?"

कापड बेतायच्या टेबलावर तिने कागद ठेवला आणि मी सांगत गेलो. 'गैरसमजातून मी माझ्या शिक्षकांवर संशय घेतला.' इथे ती थांबली.

"मी संशय घेतलाच न्हाय."

"अशा पत्राची भाषा असते तशी. लिही."

तिने लिहिलं. मी सांगितलेलं पत्र, माझ्याच विरुद्ध केलेल्या, सोळा आणे खऱ्या तक्रारीबद्दल, तिच्या अक्षरात, तिच्या सहीचं. तिच्या वडिलांनी मला कॉफी पाजली आणि मी ती प्यायलो.

ते पत्र नुसतं फाइलला लागलं नाही. आणखी दोन मुलं पेपर बघायचाय म्हणत होती, त्यांना प्रमुखांनी ते पत्र दाखवलं. "बघा, हिनेही असंच केलं होतं." दोघं परत गेली. त्यानंतर आमच्या विभागात कोणी पेपर मागितला नाही. बैठकीत याचा उल्लेख 'विद्यार्थ्यांचं समाधान' असा झाला आणि इतिवृत्तावर मी सही केली.

पीएच.डी.च्या प्रवेशाला लागणारी टक्केवारी तिची पाच गुणांनी हुकली. पाच. मी सात कापले होते. आता ती हुणसूरच्या एका खासगी शाळेत शिकवते, रोज सकाळच्या बसने जाते. देवळात वडील भेटले की सांगायचे, "बरं चाललंय तिचं, तुमची कृपा." मी मान हलवायचो. भजनात ताल चुकला तर मला कळतं, पण ही मान हलवणं कधी थांबवावं ते तीन वर्षं कळलं नाही.

यंदा नव्या मुलांसमोर त्या पुस्तिकेवर बोलायची पाळी पुन्हा माझ्यावर आली. मी जबाबदाऱ्यांची पाच पानं सांगितली, मग हक्कांचं पान. सरगूरकडून आलेली एक मुलगी उठली आणि तिने सरळ विचारलं, "सर, पेपर खरंच दाखवतात का?" मागे दुसऱ्या वर्षाची मुलं बसली होती. ती सगळी हसली. टवाळीचं हसणं नव्हतं ते, माहीत असलेल्या माणसाचं होतं. बाकीचे प्राध्यापक हसले. मीही हसलो, आणि म्हणालो, "कलम आहे तिथे." ती मुलगी खाली बसली. तिला उत्तर मिळालं होतं.

कार्यक्रम आटोपल्यावर मी कपाट उघडलं. तो गठ्ठा नियमाने केव्हाच नष्ट करायला हवा होता. भीतीपोटी मी तो कोणाच्या हाती दिला नव्हता. तिची उत्तरपत्रिका काढली आणि वाचली. प्रश्न होता नदीखोऱ्यातल्या पीकबदलाचा. कृष्णराजनगरच्या भातशेतीला कालव्याचं पाणी कसं फिरतं, याचा तिने पेन्सिलने नकाशा काढला होता. हुणसूरकडे तंबाखू भाजायच्या भट्ट्यांना किती झाडं लागतात आणि त्यामुळे कुठले डोंगर बोडके झाले, हे स्वतः जाऊन विचारून लिहिलं होतं. यातलं अर्धंअधिक मी वर्गात सांगितलेलंच नव्हतं. मला ठाऊकच नव्हतं. वीसपैकी सतरा. फार कडक तपासलं तर.

रविवारी ती उत्तरपत्रिका घेऊन मी दुकानात गेलो. बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं: न वाचणं, नऊ गुण, किल्ली, माफीपत्र.

तिचे वडील कात्री हातात धरून ऐकत होते. मग म्हणाले, "परवागिल्ला सार. झालं गेलं. तुमी सोता येऊन सांगितलात, ह्ये मोठं."

त्या 'परवागिल्ला'चा मला संताप आला. चला, जाऊ द्या, असं म्हणायला आपली माणसं किती पटकन तयार असतात, आणि मी तेवढ्याच भरवशावर तिथे गेलो होतो.

"अप्पा, तुमी थांबा," ती म्हणाली. पेपर तिने उलटसुलट करून बघितला. नकाशावर तिचं बोट थोडा वेळ राहिलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "माझाच आणलात?"

"हो."

"बाकीचे बावीस?"

"ते कपाटात आहेत."

"वाचलेच न्हाईत अजून?" ती हसली, पण नीट नाही. "म्हणजे तवा मी तुमच्यातली म्हणून कापलात, आणि आता तुमच्यातली म्हणून माझाच वाचलात. अष्टे, एवढंच. बरोबर का, सर?"

"अगं, हळू," वडील म्हणाले.

"हळूच बोलतेय, अप्पा. घरी आणून दाखवायचं असं कुठल्या कलमात हाय ते तेवढं विचारतेय." तिने उत्तरपत्रिका परत माझ्या हातात दिली. "ही इथं ठेवून मी काय करू? फ्रेम करू? सगळे वाचा. लेखी द्या. आवकला शिक्का मारून घ्या. मग माझ्याकडं या."

मी दोन दिवस रजा काढून बावीस उत्तरपत्रिका वाचल्या. सहा जणांना मी हक्काचे गुण दिले नव्हते. चौघांना फुकट दिले होते. एकाच्या उत्तरपत्रिकेत शेवटी लिहिलेलं होतं, 'सर, वेळ पुरला नाही, क्षमा असावी.' तीन वर्षं ती क्षमा कपाटात पडून होती. खरे गुण आणि दिलेले गुण शेजारीशेजारी लिहून, सगळं कसं झालं ते दोन पानांत लिहून, मी कुलसचिवांच्या कार्यालयात दिलं.

प्रमुखांना कळलं तेव्हा ते रागावलेही नाहीत. "निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत हो तुमची," ते म्हणाले. "तब्येत बरी आहे ना?"

त्याला आता सात आठवडे झाले. मला कोणी बोलावलेलं नाही. तिच्या चार ओळींसाठी एका दिवसात तीन खुर्च्या मांडल्या होत्या. माझी दोन पानं कुठल्या टेबलावर आहेत हेही कोणी सांगत नाही. कारकून म्हणतो, वर गेलंय. वरचे म्हणतात, खाली असेल.

काल तिचा फोन आला. काका नाही, सर म्हणाली. शिक्क्याची प्रत तिने आधीच मागून घेतली होती.

"सोमवारी मी अर्धी रजा टाकलीय. तुमी पण कुलसचिवांकडं या. तुमाला एकट्याला ते चहा पाजून परत पाठवतात."

"बरं."

"त्या बावीसमधल्या अकरा जणांना फोन लावला. सहा येतो म्हणाले. दोघं त्या चौघांतले हायत, ज्यांचे कमी होणार. त्यांना मी तसं सांगितलंय."

"तरी येतायत?"

"एक शिव्या देऊन येतोय. तुमाला बी देईल, तयारीत या." मग ती म्हणाली, "आणि ती दोन पानं तुमी तिथं वाचून दाखवायची. नुसती द्यायची न्हाईत. आमच्यासमोर, कन्नडमध्ये, मोठ्यानं."

साडेदहाला कार्यालयाच्या पायरीवर भेटायचं ठरलं आहे. आज दुपारी बसून मी त्या दोन पानांचं कन्नड केलं. 'मी वाचल्या नव्हत्या' हे वाक्य दोनदा लिहिलं, कारण पहिल्यांदा लिहिताना मी नकळत 'वाचल्या गेल्या नव्हत्या' असं लिहून गेलो होतो.